झगे-पिसं नकोत, तारपावाल्या आजोबांना बोलवा

प्रश्न : ताई नमस्कार, मी ठाण्यात पाचवीला शिकवते. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाला मुलांचा आदिवासी डान्स बसवायला सांगितलाय. मागच्या वर्षी ड्रेसवाल्याकडून पानांचे झगे, पिसांचे टोप आणले होते, तोंडाला काळा रंग आणि मध्येमध्ये हू हू ओरडायचं. मला ते बरं वाटत नाही, पण त्याऐवजी काय करू? वारली गाणी, गोष्टी आपण शिकवलेल्या चालतात का?

उत्तर : बरं वाटत नाही ना, मग आजच फोन करून ते झगे कॅन्सल कर. अगं पालघर २०१४ पर्यंत तुमच्या ठाणे जिल्ह्यातच होतं, डहाणू, जव्हार, विक्रमगडची माणसं रोज तुमच्या आसपास काम करतात, कोणी पिसं खोवून फिरताना दिसलंय का? आणि तुझ्याच वर्गात एखादं वारली नाहीतर कोकणा जमातीचं पोर असेल तर तोंडाला काळं फासून उड्या मारणारी मुलं बघताना ते काय करेल सांग, मान खाली घालून बसेल आणि घरी जाऊन कोणाला सांगणार पण नाही.

चालतं का विचारलंस तर चालतं, फक्त शिकवणारी तू नको आणि मोबाईलवरचा व्हिडिओ तर नकोच नको. माणूस बोलव. मी जव्हारकडे शाळेवर होते तेव्हा एका तारपावाल्या आजोबांना वर्गात बोलावलं होतं. तारपा म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य. त्यांनी फडक्यातून तो काढला, वरती वाळवलेला भोपळा, खाली बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानाचा गुंडाळलेला कर्णा आणि सांधे मेणाने बुजवलेले. पोरांनी आधी हात लावून बघितलं, मेणाचा वास घेतला, मग आजोबांनी वाजवायला सुरुवात केली आणि आवाज काही तुटेचना, शेवटी एका मुलीने न राहवून विचारलं की बाबा तुम्ही श्वास कधी घेता? त्यावर ते अर्धा तास बोलले. मला वाटतं त्या अर्ध्या तासात मुलं जे शिकली ते मी वर्षभर बोलून शिकवलं नसतं.

नाचायचंच असेल तर मग नाचा, पण शेवटी आणि त्यांच्याबरोबर. मध्ये तारपावाला, बाकीचे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती, त्याने सूर बदलला की पायही बदलायचे आणि तारप्याकडे पाठ करायची नाही. म्हणजे बघ, स्टेजवर प्रेक्षकांकडे तोंड करून तीन रांगा हे यात बसतच नाही, मैदानात करा.

अजून एक, तारपा हा मुळात भात पिकायला लागल्यापासूनच्या दिवसांतला. आता ९ ऑगस्टच्या मिरवणुकांतही वाजतो, ते त्यांचं त्यांनी ठरवलंय, पण तू बोलावशील तेव्हा विचार की कधी आलेलं बरं. ते दिवाळीच्या आसपास म्हणाले तर ऑगस्टमध्ये फक्त गोष्ट ठेव, काही बिघडत नाही. सगळंच मागू पण नको. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चित्र, सुवासिनी काढतात, त्यात पालघट देवी असते, आणि लग्न लावताना धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, जी गाणी म्हणते ती त्या विधीतली असतात, त्याची चौथी-पाचवीची रंगभरण स्पर्धा करायची नसते. चित्रांचंच सांगायचं तर वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं सांग, भिंतीवरचं हे काम बायकांचं मानलं जायचं, त्यांनी ते हातात घेतलं, कागदावर आणलं आणि २०११ ला पद्मश्री मिळाली, मुलांना हे फार आवडतं.

आणि मानधन! डान्स टीचरला देतेस तेवढं तरी दे, वर जाण्यायेण्याचा खर्च, जेवण. नुसती शाल आणि नारळ देऊन माणसाचा आख्खा दिवस घ्यायचा हे मला अजिबात पटत नाही.

प्रश्न : ताई, आम्ही तलासरीकडचे वारली, कामासाठी वसईला राहतो. मुलगा चौथीत आहे, बाईंनी वर्गात गोष्ट सांगायला सांगितलीय. त्याला आजीची कणसरीची गोष्ट येते पण आमच्या भाषेत, मराठीत सांगायला गेला की अडकतो. आता म्हणतो पोरं हसतील, सांगणारच नाही.

उत्तर : त्याला आधी वारलीतच सांगू दे, सगळी, न थांबता. बाईंना आदल्या दिवशी भेटून एवढंच सांग की हा आधी त्याच्या भाषेत सांगेल, मग तुम्ही प्रश्न विचारा आणि तो मराठीत उत्तर देईल. अख्खी गोष्ट फिरवून सांगण्यापेक्षा एकेका प्रश्नाला उत्तर देणं सोपं जातं, बघ करून. आणि हातात भाताची लोंबी दे. कणसरी म्हणजे धान्याची देवी, नवं भात तिला दाखवल्याशिवाय घरात कोणी खात नाही, हे लोंबी हातात धरून सांगितलं की पोरं लोंबीकडे बघतात, त्याच्या तोंडाकडे नाही, भीती अर्धी तिथेच जाते. आजी जवळ असेल तर तिलाच घेऊन जा ना, ती मागे बसली तरी पुरे. लोंबी मात्र डब्यात घालून दे, दप्तरात दाणे गळतात.