१० बाय ११ च्या बेडरूममध्ये ५.१: वॅट सोडा, खुर्ची कुठे आहे ते बघा

तुमची अडचण अशी की ५.१ चा संच (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे बेसचा डबा) घरी आलाय, बेडरूम १० बाय ११ फुटांची, खुर्चीच्या मागे लगेच पलंग, त्यामुळे मागचे स्पीकर कुठे लावायचे कळत नाही. शिवाय कॉम्प्युटरच्या मदरबोर्डला ऑडिओची तीनच भोकं आहेत. वॅट पुरतील का, हेही विचारलंय. ती काळजी सोडा. एवढ्या खोलीत कुठलाही बरा संच पुरून उरतो, फरक पडतो तो जागेने.

माझी खोलीही एवढीच आहे. पहिलं वर्षभर मी मागचे दोन्ही स्पीकर कपाटावर, छताला लागून ठेवले होते, कारण तिथे जागा मोकळी होती. पाऊस, टाळ्या, गाड्या, सगळं डोक्यावर एका ढिगात ऐकू यायचं. ते खाली आणले आणि त्याच रात्री पहिल्यांदा पाऊस माझ्या दोन्ही बाजूंना पडला. तो फरक तुम्हालाही मिळावा म्हणून एवढं लिहितोय.

‘मागचे स्पीकर’ या नावामुळेच घोळ होतो. ते पाठीमागे नसतातच. नाकासमोरची दिशा शून्य धरली तर त्यांची जागा १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या रेषेपासून जरासं मागे, बाजूला. टेबल १० फुटी भिंतीच्या मध्यावर असेल तर दोन्ही बाजूच्या भिंती डोक्यापासून ५ फुटांवर येतात. त्या भिंतींवर, डोक्याच्या रेषेपासून दीड-दोन फूट मागे, दोन्ही लावा. उंची बसल्यावर कान येतो त्यापेक्षा फूटभर वर. पलंग आड येतच नाही. टेबल कोपऱ्यात असेल तर मात्र आधी ते मध्यावर सरकवा, नाहीतर एक स्पीकर कानाशी आणि दुसरा लांब राहील.

समोरच्या दोघांमधलं अंतर आणि तुमच्या डोक्यापासूनचं अंतर सारखं ठेवा, टेबलावर साधारण ३-३ फूट. मधला मॉनिटरखाली, तोंड किंचित वर करून. पलंगावर पडून सिनेमा बघाल तेव्हा बाजूचे स्पीकर तुमच्या पुढे जातील, तेव्हा सरळ स्टिरिओवर, म्हणजे समोरच्या दोघांवरच ऐका. एका मांडणीत खुर्ची आणि पलंग दोन्ही साधत नाहीत.

सबवूफर कोपऱ्यात ढकलू नका. १० फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर घुमतो आणि कोपऱ्यात तो सगळ्यात जास्त चढतो. सबवूफर तात्पुरता खुर्चीवर ठेवा, बेसचं गाणं लावा आणि जमिनीलगत कान नेत खोलीभर फिरा. जिथे बेस गुरगुरत नाही, स्वच्छ ऐकू येतो, तिथे त्याला बसवा. खाली जाड रबर किंवा फोम घाला. स्लॅबमधून खालच्या घरात धडधड जाते आणि रात्री अकराला ती त्यांनी का सोसावी?

आता तीन भोकं. हिरव्यात समोरचे. निळं एरवी लाइन-इनचं, गुलाबी माइकचं, पण बहुतेक बोर्डांवर ऑडिओच्या ड्रायव्हरमधून (साउंड चालवणारं सॉफ्टवेअर) निळं मागच्या स्पीकरना आणि गुलाबी सेंटर-सबवूफरला देता येतं. प्लग घातल्यावर काय जोडलं असं विचारलं की तेच निवडा. माइक कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावा. मग विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये, प्लेबॅकखाली, कॉन्फिगर उघडून ५.१ निवडा आणि एकेक स्पीकर वाजवून बघा. हे राहिलं तर विंडोज दोनच चॅनल पाठवत राहतं. संवाद सबवूफरमधून घोगरे यायला लागले तर सेंटर आणि सबवूफर उलटे झालेत. काही संचांमध्ये तसं होतं. बोर्डावरची साउंड चिप रिअलटेक कंपनीची असेल तर तिच्या पॅनलमध्ये अदलाबदलीचा पर्याय असतो, तो वापरा.

ऑप्टिकल केबलच्या मागे लागू नका. तिच्यातून डॉल्बी किंवा डीटीएस (सिनेमाच्या आवाजाचे फॉरमॅट) मधला सिनेमा ५.१ जातो, पण गेमचा आवाज सहसा दोनच चॅनलचा होतो. आणि यूट्यूबवरची बहुतेक गाणी मुळात स्टिरिओच आहेत, तेव्हा मागून काही आलं नाही तर संच बिघडला असं समजू नका.

भिंतीला ड्रिल लगेच मारू नका. आठवडाभर स्पीकर दोन उंच स्टुलांवर ठेवून ऐका, पाहिजे तसे इंच-दोन इंच सरकवा, जागा पक्की झाली की मग वायर केसिंग-पट्टीत टाका.