कल आणि निकाल

चि. पोरी,

परवा खानापूरहून आलीस, फाईल टेबलावर ठेवलीस आणि एकच विचारलंस, "काका, आमच्या रक्तातच दोष आहे काय?" मी चहा टाकायला उठलो. उत्तर ठाऊक असून उठलो. म्हणून हे पत्र.

धाकट्या भावाचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, उलटला म्हणून घरातल्या सगळ्यांचं एचएलए टायपिंग झालं, म्हणजे कुणाचा मॅरो कुणाला चालेल हे ठरवणारी जनुकं तपासली, आणि तुझं अर्धंच जुळलं. तो तू स्वतःचा गुन्हा धरून बसलीयस. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, अर्धं जुळायची चारात दोन. बीएस्सीला शिकलीस ना हे? मग त्यात रडायचं काय? अर्ध्या जुळणीवरही आता बोन मॅरो ट्रान्सप्लांट होतं. ते डॉक्टरांना विचार, मोबाईलला नको.

पण तुझा काटा दुसरीकडेच रुतलाय. याच जनुकांचा ल्युकेमियाच्या धोक्याशी संबंध आहे असं तू घरी बोललीस, आणि आजी तुझ्या आईला "तुझ्या माहेरचं रक्त" म्हणायला लागली.

नीट ऐक. ही जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. निपाणीच्या वखारीत तंबाखूचा बोद फोडून नमुन्याची पानं व्यापाऱ्यापुढं धरतात, तशी एचएलए प्रथिनं पेशीच्या आतल्या मालाचे तुकडे बाहेर धरतात आणि टी-पेशी, म्हणजे रक्तातले पहारेकरी, ते तपासत फिरतात. एका माणसाची प्रथिनं एक तुकडा घट्ट धरतात, दुसऱ्याची दुसरा. १९६४ साली संशोधक फ्रँक लिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवलं की विषाणूमुळं होणारा ल्युकेमिया कुठल्या वाणाला जडतो, हे असल्याच जनुकांशी बांधलेलं आहे. माणसांत मुलांच्या ल्युकेमियाशी एचएलएतल्याच डीपीबी१ या जनुकाच्या काही प्रकारांचा संबंध सापडला, पण तो किरकोळ. हा कल आहे पोरी, निकाल नव्हे.

ब्रिटनचे ल्युकेमियाचे संशोधक मेल ग्रीव्हज यांचं काम बघ. रक्तपेशीतला पहिला बिघाड पुष्कळदा पोटात असतानाच होतो. शंभरातलं एखादं मूल तो घेऊन जन्मतं, आणि अशा शंभरांतल्या एखाद्यालाच पुढं आजार होतो. त्याला दुसरा बिघाड लागतो. जंतूंशी ओळख उशिरा झालेली प्रतिकारशक्ती साध्या संसर्गानं भलतीच भडकली की तो होतो, असं ग्रीव्हज मांडतात. त्या भडकण्यात एचएलएचा हात असू शकतो. दोन ते पाच वर्षांच्या वयातला हा आजार एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला, तर दुसऱ्याला शंभरात दहा-पंधरा वेळाच होतो. सगळी जनुकं तीच, पहिला बिघाडही बहुधा वारेतून दोघांत गेलेला, तरीसुद्धा! कल. निकाल नव्हे. आजीला हे सांगितलंस? का मान खाली घालून भाकरी थापत राहिलीस?

रागावतोय, कारण मी तेच केलं होतं. चोवीस वर्षांचा होतो, लॅबमध्ये नवा. चिकोडीकडचं एक पोर होतं. लेशमन रंगानं रंगवलेली त्याच्या रक्ताची स्लाईड अजून दिसते: जांभळी केंद्रकं पेशीभर फुगलेली, कडेला निळी रेघ तेवढी उरलेली. पोराच्या आज्यानं मला व्हरांड्यात गाठून विचारलं, "दोष कुणाकडचा, साहेब?" मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील." पोर गेलं आणि महिन्याच्या आत सुनेला माहेरी धाडलं. टेक्निशियननं बोलायचं नाही असा नियम होता. घरी माझ्या पगारावर पाच माणसं होती. तेव्हा जुळ्यांचे हे आकडेही मला ठाऊक नव्हते. हे सगळं खरं आहे. पण "आईचा दोष नाही" एवढं म्हणायला कुठले आकडे लागत होते?

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक बापाला, प्रत्येक आज्याला त्याच व्हरांड्यात थांबवून सांगितलं. दोनदा मेमो मिळाला. दोन्ही कपाटात ठेवलेत, आणि आजही मी तेच करीन.

तुझ्या लग्नाचं म्हणशील, तर भावाचा आजार ऐकून जे पाव्हणे मागं फिरले त्यांना जाऊ दे. बोलणी लपवून मात्र करू नकोस.

रविवारी आईला आणि आजीला घेऊन ये. फाईल विसरू नकोस. तुम्हा भावंडांच्या रिपोर्टवर आईकडून आलेलं निळ्या पेन्सिलीनं रंगवू, बाबांकडून आलेलं लाल. आजीनं स्वतःच्या हातानं मोजू दे. अर्धं लाल निघेल, तिच्याच लेकाचं. जेवण इथंच करा, काकूनं सांगून ठेवलंय.

तुझा,
काका