पिकल्या फणसाचा वास: एकाला घमघमाट, दुसऱ्याला मळमळ

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नाला तीन वर्षे झाली, सासर राजापूर तालुक्यात, आणि मे महिन्यात माजघरात बरका, म्हणजे मऊ गऱ्यांचा, फणस पिकायला ठेवला की घरातली सगळी माणसे ‘काय घमघमाट सुटलाय’ म्हणतात. आपल्याला मात्र घामट मोजे आणि नासलेले दूध एकत्र ठेवावे तसा वास येऊन मळमळायला लागते. सासूबाई याला ‘देशावरचे नखरे’ म्हणतात. दोष नाकाचा, मनाचा की फणसाचा, असे आपण विचारले आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातच वाढलो, आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले, आणि आमच्या घरात हाच वाद एक पिढी आधी होऊन गेलेला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. मोज्यांची उपमा आपण वैतागून दिली असेल, पण रसायनशास्त्राच्या अंगाने पाहिले तर ती फार नेमकी आहे.

फणस पिकू लागतो तेव्हा त्याच्या आत इथिलीन नावाचा वायू तयार होतो आणि त्याच्या इशाऱ्यावर एकाच वेळी अनेक कामे सुरू होतात: पिठूळपणा जाऊन साखर वाढते, गर मऊ पडतो आणि वासाची संयुगे बनू लागतात. या संयुगांचा एक महत्त्वाचा कच्चा माल म्हणजे ल्युसिन. हे एक अमिनो आम्ल असून ते फणसात असते तसेच आपल्या शरीरातही असते. फळ या ल्युसिनची मोडतोड करून आयसोव्हॅलेरिक आम्लाच्या घराण्यातले तुकडे तयार करते आणि त्यांना निरनिराळ्या अल्कोहोलांशी जोडून एस्टर बनवते. इथिल आयसोव्हॅलरेट आणि ब्युटिल आयसोव्हॅलरेट ही त्यांपैकी दोन नावे; पिकल्या फणसाचा जो ‘फणसपणा’ आपल्याला जाणवतो त्यात यांचा वाटा मोठा आहे. जोडीला आयसोअमाइल अ‍ॅसिटेट असते, ज्याचा वास आपण पिकल्या केळ्याचा म्हणून ओळखतो, आणि त्याचा अल्कोहोलाकडचा भागही ल्युसिनपासूनच येऊ शकतो.

आता पायांकडे वळू. घामाला स्वतःचा असा वास फारसा नसतो. त्वचेवर राहणारे स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हे जिवाणू घामातल्या ल्युसिनची मोडतोड करतात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्ल मोकळे होते. दिवसभर बुटात कोंडलेल्या मोज्यांचा वास मुख्यतः त्याचाच. मुरवलेल्या चीजमध्येही ते असते. म्हणजे फणस आणि मोजा यांचा कच्चा माल एक, वाटही बरीचशी एक, आणि फरक शेवटच्या एका जोडणीचा. आम्ल मोकळे राहिले तर दुर्गंध, अल्कोहोलाशी जोडले गेले तर फळाचा गोड वास. ही जोडणी कायमची नसते. एस्टराचे पाण्याबरोबर विघटन झाले की आम्ल पुन्हा सुटे होते. त्यामुळे ज्या नाकाला हे आम्ल अगदी कमी प्रमाणातही कळते, त्या नाकाला फणसाच्या गोडव्यामागे उभा असलेला मोजा दिसणे स्वाभाविक आहे.

सगळ्यांना तो का कळत नाही, याचे उत्तर मुख्यतः जनुकांत आहे. नाकात वास ओळखणाऱ्या ग्राहींच्या (रिसेप्टरांच्या) जनुकांचे मोठे कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधून काढले आणि त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात अशी सुमारे ४०० जनुके कामाची आहेत, पण तीच ४०० सर्वांत सारख्या स्थितीत नसतात. एखादे जनुक एकात शाबूत असते, तर दुसऱ्यात मोडलेले. इस्रायलमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये नेमके आयसोव्हॅलेरिक आम्लच घेऊन तपासले, तेव्हा ‘ओआर११एच७पी’ या नावाच्या जनुकाची किमान एक शाबूत प्रत असलेल्या लोकांचे नाक या आम्लाच्या बाबतीत अधिक तीक्ष्ण असल्याचे त्यांना आढळले. संवेदनशीलता ठरवणारे हे एकच जनुक नव्हे, आणि आपल्याकडे ते कोणत्या स्थितीत आहे हे चाचणीशिवाय सांगता येणार नाही. पण दोन निरोगी नाकांना एकाच वासाचा वेगवेगळा अनुभव येऊ शकतो, एवढे यातून पक्के होते.

हे मी वर्गात दरवर्षी पाहत आलो आहे. आयसोव्हॅलेरिक आम्लाचे अतिशय सौम्य द्रावण करायचे, गाळणकागदाच्या अरुंद पट्टीच्या टोकाला त्याचा एक थेंब लावायचा आणि पट्टी बाकावरून पुढे पाठवायची. पहिल्या बाकावरची मुलगी झटक्याने मान मागे घेई, दुसरी नाकाला ओढणी लावी, आणि मग एखादा मुलगा पट्टी नाकाला जवळजवळ चिकटवून, दोनदा हुंगून, अगदी प्रामाणिकपणे म्हणे, “सर, नुसता कागदाचा वास येतोय.” बाकीचे हसत, कारण तो थट्टा करतो आहे असे त्यांना वाटे. तो थट्टा करत नसे. अशा मुलाच्या घरी बरका फणस फोडला, तर त्याच्यापर्यंत एस्टरच तेवढे पोहोचणार आणि तो घमघमाटच म्हणणार. आपल्या सासरच्या सगळ्यांची नाके अशी आहेत असे मला म्हणायचे नाही. त्यांच्याकडे दुसरी कारणेही आहेत, त्यांच्याकडे येतोच.

त्याआधी प्रमाणाबद्दल थोडे. काही संयुगे अशी असतात की अगदी कमी असली तर हवीहवीशी वाटतात आणि जरा वाढली की नकोशी होतात. पिकल्या पेरूच्या वासात गंधकयुक्त संयुगांचा, म्हणजे थायॉलांचा, अंश असतो. तोच त्याला तो खास उष्णकटिबंधी गोडवा देतो, आणि तोच मात्रा वाढली किंवा नाक तीक्ष्ण असले की मांजराच्या मुताची आठवण करून देतो. माझे स्वतःचे नाक पेरूच्या बाबतीत असेच आहे. परसात पेरू पडू लागले की मी पुढच्या अंगणात बसतो, आणि याला आमच्या घरात कोणी देशावरचे नखरे म्हणत नाही, हे नोंदवून ठेवतो.

आता सवयीचा आणि नावाचा भाग. रॅचेल हर्झ यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आयसोव्हॅलेरिक आणि ब्युटिरिक आम्लांचे एकच मिश्रण लोकांना हुंगायला दिले होते. एकदा त्याला पार्मेझान चीज म्हटले, एकदा वांती म्हटले. बाटलीत तेच असूनही नाव बदलताच लोकांचे मत उलटले. पुढे २००५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी असाच प्रयोग मेंदूची प्रतिमा घेत केला, तेव्हा ‘चेडर चीज’ आणि ‘अंगाचा वास’ या दोन नावांमुळे वासाची आवडनिवड हाताळणाऱ्या भागांचे कामसुद्धा बदललेले दिसले. आपल्या घरात हा वास ज्या क्षणी दारातून आत येतो त्या क्षणी त्याला ‘फणस’ हे नाव लागलेले असते, आणि त्या नावाला आजोळ, सुट्टी, केळीच्या पानावर मांडलेले गरे आणि तेल लावलेले हात चिकटलेले असतात. ज्याच्या बालपणात हे काहीच नव्हते त्याचा मेंदू त्या वासासाठी जवळचे नाव शोधतो, आणि त्याला मोजा सापडतो.

ही ओळख जन्माच्याही आधी सुरू होते. ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले की गरोदरपणात किंवा बाळाला अंगावर पाजत असताना आईने गाजराचा रस नियमित घेतला असेल, तर बाळ पुढे गाजराच्या चवीचे अन्न अधिक आनंदाने स्वीकारते, कारण खाल्लेल्याचा वास गर्भजलात आणि दुधातही उतरतो. फणसावर असा प्रयोग झाल्याचे माझ्या वाचनात नाही, पण मे महिन्यात गरोदर असलेल्या कोकणातल्या बाईच्या पोटी फणसाची ओळख घेऊन मूल जन्माला येत असेल, असे मानायला मला काही अडचण वाटत नाही.

तरीही सवयीला सगळे श्रेय देऊ नये. हा मुद्दा सासूबाईंना आवर्जून सांगावा. २०२२ मध्ये आर्टिन अर्शामियन आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. शिकार करून जगणाऱ्यांपासून शहरी लोकांपर्यंत, पाश्चात्त्य जीवनपद्धतीबाहेरच्या ९ समाजांतील दोनशेहून अधिक लोकांना १० वास आवडीच्या क्रमाने लावायला सांगितले होते. सर्वांत वर आले व्हॅनिला. त्याच्या पाठोपाठ इथिल ब्युटिरेट, जे फळांच्या वासातले एक नेहमीचे एस्टर आहे. आणि सर्वांत खाली आले, जवळजवळ सगळीकडेच, हे आपले आयसोव्हॅलेरिक आम्ल. आवडीनिवडीतल्या फरकांपैकी संस्कृतीच्या वाट्याला सुमारे ६ टक्केच आले. रेणू कोणता आहे याच्या वाट्याला ४१ टक्के, आणि निम्म्याहून अधिक भाग माणसामाणसातल्या वैयक्तिक फरकाचा निघाला. देशावरचे नाक आणि कोकणातले नाक अशी वाटणी या आकड्यांपुढे फार टिकत नाही. अर्थात तिथे एकेक सुटा वास होता आणि फणसात डझनावारी संयुगे आठवणींसकट एकत्र येतात, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे आपल्या माजघराला लावता येणार नाहीत.

एक साधी गोष्ट बहुतेक वेळा विसरली जाते. एकाच वासात राहिलेले नाक काही मिनिटांतच त्याची दखल घेणे कमी करते. सकाळपासून घरात असलेल्या माणसांना तो घमघमाट दुपारपर्यंत फारसा जाणवतही नसतो, आणि आपण बाहेरून उंबरा ओलांडता तेव्हा तो पूर्ण ताकदीने अंगावर येतो. मेच्या उकाड्यात संयुगे हवेत अधिक उडतात आणि माजघराला खिडकी बहुधा एकच असते. शिवाय गरोदरपणाच्या सुरुवातीला वासाने मळमळणे नेहमीचेच आहे, आणि कोविडनंतर काहींना कॉफी, कांदा असे ओळखीचे वासही सडल्यासारखे येऊ लागले होते. आपला त्रास पहिल्या वर्षापासूनचा असेल तर ही दोन्ही कारणे बाजूला ठेवता येतील. अलीकडेच सुरू झाला असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

हापूसबद्दल मात्र अशी तक्रार फार क्वचित ऐकू येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर बरेच काम झाले आहे आणि पिकलेल्या हापूसमध्ये लॅक्टोन व फ्युरॅनोन या वर्गांतली संयुगे महत्त्वाची ठरतात, असे त्यातून दिसते. लॅक्टोन नारळात असतात, लोणी-तुपातही असतात. अढीतला पेंढा बाजूला केल्यावर येणारा वास परक्या माणसालाही आपलासा वाटतो, त्याचे एक कारण मला हेच वाटते.

आता घरातल्या व्यवहाराचे. फणस माजघरात न ठेवता पडवीत किंवा मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, ठेवायला सांगावे, आणि फोडल्यावर चारखंडे, म्हणजे उरलेल्या साली, लगेच गुरांपुढे टाकावीत, कारण वासाचा दुसरा दिवस पहिल्यापेक्षा वाईट असतो. उघड्या पडलेल्या गोड भागावर यीस्ट बसते आणि आंबूस दारूसारखा वास त्यात मिसळतो. खायचाच झाला तर बरक्याऐवजी कापा घ्यावा. घट्ट, कुरकुरीत गऱ्याचा वास माझ्या अनुभवात पुष्कळ सौम्य असतो, आणि पूर्ण मऊ पडण्याच्या आदल्या दिवशी खाल्ला तर आणखी सौम्य.

आमची वहिनी नागपूरची. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात ती फणस फोडण्याच्या दिवशी शेजाऱ्यांच्या ओटीवर जाऊन बसली होती आणि त्यावरून आईने दोन दिवस अबोला धरला होता. तिचा प्रश्न मार्गी लावला तो सांदणांनी. बरक्याचा रस तांदळाच्या रव्यात गुळाबरोबर कालवून मोदकपात्रात उकडला की बराचसा वास वाफेबरोबर निघून जातो आणि उरतो तो तोंडात, मागच्या वाटेने नाकाकडे जाणारा, पुष्कळ मवाळ झालेला. नारळाच्या दुधात बुडवून तिने पहिले सांदण अर्धे खाल्ले, दुसऱ्या वर्षी दोन खाल्ली. नुसता बरका गरा ती आजही तोंडात घालत नाही, आणि आई आता तिच्यासाठी सांदणे वेगळी काढून ठेवते. आपणही करून पाहावे. फक्त ती वाफ स्वयंपाकघरातच सुटणार आहे, तेव्हा उकडायचे काम पहिल्या वर्षी तरी सासूबाईंकडेच राहू द्यावे.