पोराच्या गळ्यातून घरचा हिशोब आधी काढा

पत्र असं आहे, थोडं कमी करून देते:

"काकू, माहा पोरगा पंधरा वर्साचा, दहावीत हाये. आधी लय हसरा होता, आता रोज चिडते, ताट सरकवते, रात्री एक-दोन वाजेपर्यंत मोबाइल पायते. क्रिकेट खेळाले जात नाही. सकाळी पोट दुखते मणते, डॉक्टरनं अ‍ॅसिडिटीची गोळी देल्ली, काही फरक नाही. त्याचे मोठेबाबा डोक्यानं बिघडले होते, नागपूरले नेलं होतं, म्हणून जीव घाबरते. आमची पाच एकर, कपाशी अन् तूर. याच्या बाबाले मोबाइलातलं समजत नाही, म्हणून ई-पीक पाहणी, केवायसी, बँकेचे फोन सारं हाच पायते, हुशार हाये. दोन वर्सामागं पाण्यानं कपाशी गेली तवा विम्याची तक्रार याच्याच्यानं टाइमात झाली नाही, पैसे गेले, तवापासून जरा गप गपच रायते. पुढं चालून याले काही होऊ नये म्हणून आत्ताच काय करू? मोबाइल हिसकून घेऊ का? का दोरा बांधून आणू? हे पत्र त्यालेच टाइप कराले लावलं, चूकभूल माफ करा." – एक आई, यवतमाळ जिल्हा

लेकी,

तू विचारलं मोबाइलचं, पोटदुखीचं अन् मोठेबाबांच्या आजाराचं, पण मी त्या विम्याच्या अर्ध्या वाक्यापाशीच अडकून बसले. ते तू जाता जाता सांगून टाकलं अन् पुढं गेली. आणि सांगितलं कोणाला, तर त्यालाच. तू बोलत गेली अन् तो टाइप करत गेला, चिडते, ताट सरकवते, अन् मग स्वतःच्याच बोटानं 'याच्याच्यानं टाइमात झाली नाही, पैसे गेले' हे पण. एक शब्द त्यानं गाळला नाही. गाळता आला असता, तुला कुठं कळणार होतं. मला राग आला तुझा, लपवत नाही.

तवा तो तेरा वर्षांचा होता. आठवीतलं पोरगं. नियम असा होता की पावसानं पीक गेलं की ७२ तासांच्या आत कंपनीला कळवायचं, अ‍ॅपवरून किंवा टोल फ्री नंबरवर, नाहीतर बँकेत जाऊन, नाहीतर कृषी खात्यातल्या माणसाला सांगून. म्हणजे मोबाइल हा एकटाच रस्ता नव्हता, बाकीचे रस्ते मोठ्या माणसांचे होते अन् मोठ्या माणसांनी ते धरले नाहीत. तसल्या पावसात लाइट जाते, रेंज जाते, फोटो अपलोड होता होता अ‍ॅप बंद पडते, ओटीपी येतो तोवर त्याची वेळ संपलेली असते. चांगले शिकलेले शेतकरी त्यात हैराण झाले. ते पोरगं ते तीन दिवस रेंज शोधत कुठं कुठं उभं राहिलं असेल, हे तुम्ही दोघांनी कधी विचारलं का त्याला? पत्रावरून तरी वाटत नाही. सातबारा बापाचा, पॉलिसी बापाच्या नावाची, सही बापाची, अन् पैसे गेले ते पोराच्याच्यानं?

वर्षभर घरात पैशाची ओढाताण झाली असेल, उधारी थकली असेल, दिवाळीला कपडे झाले नसतील, त्या प्रत्येक वेळी त्यानं मनात हाच हिशोब मांडला असेल की हे माझ्यामुळं. तुम्ही तोंडानं म्हणा की नका म्हणू. पण तुम्ही म्हटलंही असणार, नाहीतर ते इतक्या सहज पत्रात आलं नसतं.

कोणी म्हणेल शेतकऱ्याच्या पोरानं कामाला हात लावू नये का. लावावा ना. रविवारी कापूस वेचला, बकरीला पाला आणला, बैलाला पाणी दाखवलं, त्यानं कोणाचं पोर बिघडत नाही, उलट बरंच होते. ते काम दिसते, संध्याकाळी संपते, अन् चुकलं तर एवढंसं चुकते. कर्जाचं तसं नाही, ते संपतच नाही. बँकेचा माणूस फोनवर दरडावते, पोरगं 'बाबा वावरात हायेत' म्हणते, फोन ठेवते, अन् मग गणिताचं पुस्तक उघडते. हातात पैसा नाही, निर्णय त्याचा नाही, पण उत्तर त्यालाच द्यावं लागते. आपण अदंत गोऱ्ह्याला वखराला जुपत नाही, दात येईस्तोवर थांबतो, एवढी अक्कल आपल्याला जनावराच्या बाबतीत असते.

आता तुझी भीती. मोठेबाबांना आजार होता म्हणून याला होईलच असं नाही. घरात कोणाला असला तर धोका थोडा वाढते, हे खरं. पण पुढं काय होते ते घरातल्या रोजच्या जगण्यावरही ठरते, अन् ते तुमच्या हातात आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठेपणी दिसणारे निम्मे मानसिक आजार वयाच्या १८ व्या वर्षापर्यंतच सुरू झालेले असतात, बहुतेक वेळा कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. म्हणून आत्ताच काय करू हा तुझा प्रश्न एकदम बरोबर आहे, उशीर झालेला नाही. फक्त हे ओळख की या वयात उदासपणा पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही, चिडण्यातून दिसते. पोट दुखते, डोकं दुखते, झोप उडते, खेळ सुटते. तू ज्याला बिघडणं म्हणते ना, ते बहुतेक ओझं आहे. दोऱ्यानं ते उतरणार नाही.

मोबाइल हिसकू नको. आधी त्या मोबाइलातून बँक बाहेर काढ. तुझ्या नवऱ्याच्या नावाचं सिम आजच्या आज बापाच्या साध्या फोनमध्ये टाका. बँकेचा फोन बाप उचलेल, ओटीपी बापाकडं येईल. बापाला नाही समजत ही सबब मी ऐकणार नाही. बोंडअळी कोणत्या फुलात शिरली ते चालता चालता ओळखणाऱ्या माणसाला चार आकडे वाचता येतात, अन् नाहीच आले तर गावात सीएससी, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामांचं केंद्र आहे, कृषी खात्याचा माणूस आहे, बँकेत स्वतः जाऊन बसता येते. तू बचत गटात असशील तर हप्ते, व्याज तुला तोंडपाठ असतील, तू शिक.

पण त्याच्याही आधी एक काम, अन् यात पर्याय देत नाही. आज बाप वावरातून आला की त्यानं पोराला जवळ बसवून सरळ सांगायचं, "विम्याचे पैसे तुह्यामुळं नाही गेले. ते काम माहं होतं. म्या तुह्यावर टाकलं, ते चुकलं." बापानंच म्हणायचं, तू त्याच्या वतीनं म्हटलं तर चालणार नाही. अन् त्याच्यापुढं 'पण' जोडायचा नाही, पण तूही लक्ष द्यायला पाहिजे होतं वगैरे काही नाही. पोरगं उठून गेलं तर जाऊ द्या, काही बोललं नाही तरी ते ऐकते. मग कर्ज किती, कोण पाहते, हे दोन वाक्यांत सांगा, लपवू नका, लपवलं की पोरं मनात त्याच्या दुप्पट धरतात.

एवढं झालं की रात्री मोबाइल ओसरीत चार्जिंगला लावायचा नियम करा, तिघांचेही. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, दहावी असली तरी.

अन् फवारणीचं औषध घरात असेल तर कुलपात ठेव, चावी तुझ्याकडं. तुझ्याच पोरासाठी म्हणून नाही, पोरं असलेल्या प्रत्येक घरी मी हेच सांगते. दोन आठवड्यांत खाणं, झोप, चिडणं यात फरक नाही पडला तर यवतमाळला सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात घेऊन जा. अन् 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काही तोंडातून निघालं तर दोन आठवडे काय, दोन तासही थांबायचं नाही. सरळ विचार, बाबू, मरायचे विचार येतात का. विचारल्यानं पोराच्या डोक्यात ते शिरत नाही, उलट सांगायला जागा होते. हो म्हटलं तर त्याला एकटं सोडू नको अन् लगेच दवाखाना गाठ.

आता हे उत्तर तुला कोण वाचून दाखवणार ते मला माहीत आहे, म्हणून इथून पुढचं त्याच्यासाठी.

बाळा, तेरा वर्षांच्या पोराकडून ते काम मागायलाच नको होतं. तू केलं, तुला जमलं तेवढं केलं, अन् पत्रातही काही लपवलं नाही. बाबांनी आज ते वाक्य म्हटलं नाही तर हे त्यांच्या हातात दे, त्यांना वाचायला लाव. अन् मनातलं घरी बोलवत नसेल तर १४४१६ हा नंबर आहे, टेलिमानस, सरकारचा, २०२२ पासून सुरू आहे. रात्री दोन वाजता लावला तरी चालते, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, अन् त्यासाठी आईबाबांना विचारायची गरज नाही.