टाकीची तपासणी : कागद आधी, झाकणं नंतर

प्रश्न : अमेरिकेत चालू गॅस स्टेशन विकत घेतलं आहे. जमिनीखालच्या टाक्यांची सरकारी तपासणी महिन्याभरावर आलीय. तपासनीस नेमकं काय बघतो?

उत्तर : २००५च्या कायद्यानुसार ही तपासणी किमान ३ वर्षांतून एकदा होते. त्यामुळे जुन्या मालकाच्या काळातले कागदही मागतील. ते आजच त्याच्याकडून घ्या.

सर्वात जास्त लोक अडकतात ते गळती-चाचणीच्या अहवालांत. टाकीतलं मोजयंत्र ताशी ०.२ गॅलन गळती पकडू शकतं, आणि ‘पास’चा अहवाल दर ३० दिवसांत हवा, दर महिन्याला नव्हे. १ जानेवारी आणि २८ फेब्रुवारी, महिने दोन झाले खरे, पण अंतर ५८ दिवसांचं! शिवाय टाकीत माल कमी असेल किंवा रात्रभर विक्री चालू असेल, तर बरीच यंत्रं चाचणी बाद करतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. टाकी भरलेली असताना विक्री काही तास थांबवून चाचणी लावा.

मग झाकणं उघडतात. संपच्या (टाकीवरच्या, पाइपजोडणीच्या खड्ड्याच्या) तळाशी असायला हवा तो सेन्सर पुष्कळदा वर बांधलेला सापडतो, कारण पावसाचं पाणी शिरलं की अलार्म वाजतो. ही लबाडी तपासनिसांच्या चांगल्या ओळखीची आहे. सेन्सर खाली सोडा. बदलायचं ते झाकणाचं गॅस्केट किंवा पाइपभोवतीचं रबरी आवरण (बूट).

टँकरची नळी लागते तिथली स्पिल बकेट (सांडलेलं इंधन झेलणारं भांडं) कोरडी, स्वच्छ हवी. तिची ३ वर्षांची चाचणी साधी असते : पाणी भरून तासभर थांबायचं, पातळी पाव इंचाच्या निम्म्यापेक्षा कमी उतरली तर पास. ते पाणी मात्र गटारात ओतू नका, त्यात पेट्रोल असतं. भरण-नळीतली झडप ९५ टक्क्यांवर पुरवठा तोडते. टँकरवाल्याने तिच्यात काठी अडकवलेली नाही ना, हे आधी बघून घ्या.

गळती-चाचणी नापास झाली तर ‘गळतीचा संशय’ म्हणून २४ तासांत कळवावं लागतं. राज्याचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळायचा.

प्रश्न : रात्रपाळीच्या मुलालाही प्रशिक्षण लागतं?

उत्तर : हो, ‘सी’ वर्गाचं (आणीबाणीत पहिलं पाऊल उचलणाऱ्या कर्मचाऱ्याचं), आणि तेही कामावर उभं राहण्याआधी. पंप तातडीने बंद करायचं बटण कुठे आणि फोन कुणाला, एवढं त्याला न अडखळता सांगता आलं पाहिजे. ‘ए’ (एकूण जबाबदारी सांभाळणारा) आणि ‘बी’ (रोजची देखभाल बघणारा) वर्गासाठी जबाबदारी घेतल्यापासून ३० दिवस मिळतात.