चार्टर शाळा : न्यू जर्सीतील पालकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही नुकतेच न्यू जर्सीत राहायला आलो आहोत. घराजवळच्या चार्टर शाळेला कुणी खाजगी म्हणते, कुणी सरकारी. तिथे फी असते का?

उत्तर : फी नसते. चार्टर शाळा करदात्यांच्या पैशावर चालते, राज्याच्या परीक्षा तिला चुकत नाहीत आणि बौद्धिक क्षमता पाहून प्रवेश नाकारण्याची तिला मुभा नाही. मात्र तिचा कारभार स्थानिक शालेय मंडळाकडे नसून स्वतंत्र विश्वस्तांकडे असतो. वेळापत्रक, अभ्यासक्रमाची मांडणी आणि खर्च ते ठरवतात. त्या बदल्यात राज्याशी झालेल्या करारानुसार ठरलेल्या मुदतीत निकाल दाखवण्याची जबाबदारी स्वीकारतात; या करारालाच चार्टर म्हणतात. अशा शाळांचा पहिला कायदा मिनेसोटाने 1991 मध्ये केला; न्यू जर्सीच्या कायद्यावर सही जानेवारी 1996 मध्ये झाली. खाजगी संस्था आणि सरकारी पैसा म्हटले की आपल्याला महाराष्ट्रातील अनुदानित शाळा आठवते, पण तिचे अनुदान अशा मुदतबंद करारावर अवलंबून नसते. चार्टरचे सारे मर्म या मुदतीत आहे.

प्रश्न : प्रवेश कसा मिळतो?

उत्तर : जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत निघते, जशी महाराष्ट्रात शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांसाठी निघते. त्या शालेय जिल्ह्यातील (म्हणजे एका स्थानिक शालेय मंडळाच्या हद्दीतील) रहिवाशांना प्राधान्य असते आणि शाळेत आधीच शिकणाऱ्यांच्या भावंडांनाही ते देता येते.

प्रश्न : तिथले शिक्षण खरोखर चांगले असते का?

उत्तर : ‘चार्टर’ या पाटीवरून ते कळत नाही, आणि केवळ पाटी पाहून कुणी शाळा बदलू नये असे माझे ठाम मत आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या शिक्षण संशोधन केंद्राने 2009 मध्ये गणिताची प्रगती तपासली तेव्हा 17 टक्के चार्टर शाळा तुलनेच्या नेहमीच्या सरकारी शाळांहून सरस आणि 37 टक्के कमी ठरल्या; उरलेल्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच केंद्राच्या 2023 च्या अहवालात सरासरी चार्टरच्या बाजूने झुकली, विशेषतः शहरांतील गरीब कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांच्या बाबतीत. पूर्णपणे ऑनलाइन चालणाऱ्या चार्टर शाळा मात्र फार मागे पडल्या. सरासरीच्या आत इतकी तफावत असताना तुमच्या मुलाचे भवितव्य त्या एका शाळेच्या कामावर ठरते. म्हणून दरवर्षी किती मुले शाळा सोडतात, शिक्षक किती काळ टिकतात आणि चार्टरच्या गेल्या नूतनीकरणाच्या वेळी राज्याने कोणते आक्षेप घेतले, हे अर्ज करण्यापूर्वी विचारा.

प्रश्न : आमच्या मुलीला विशेष शिक्षणाची गरज आहे. शाळा नकार देऊ शकते का?

उत्तर : नाही. अपंग मुलांच्या शिक्षणाचा संघराज्याचा कायदा चार्टर शाळांनाही लागू आहे. ‘आमच्याकडे सोय नाही’ असे तोंडी सांगून कुणी परत पाठवू लागले, तर ते लेखी मागा.

प्रश्न : चार्टर शाळांमुळे जिल्ह्याच्या शाळांचे नुकसान होते, हे खरे आहे का?

उत्तर : या तक्रारीत तथ्य आहे. मूल चार्टर शाळेत गेले की त्याच्या वाट्याचा निधीही जिल्ह्याच्या अंदाजपत्रकातून तिकडे जातो. पण प्रत्येक वर्गातून दोन-तीन मुले कमी झाली म्हणून शिक्षक, बस किंवा इमारतीचा खर्च त्याच प्रमाणात उतरत नाही, आणि ती तूट मागे राहिलेल्या मुलांना सोसावी लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये बॉस्टनच्या चार्टर शाळांचे निकाल उत्तम असूनही 2016 मध्ये मतदारांनी अशा शाळांच्या संख्येवरची मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव फेटाळला, त्यात ही चिंता मोठी होती.

प्रश्न : शाळा मध्येच बंद पडली तर?

उत्तर : न्यू जर्सीत पहिला चार्टर चार वर्षांचा आणि पुढचे नूतनीकरण पाच वर्षांचे असते, निर्णय राज्याच्या शिक्षण आयुक्तांचा. नूतनीकरण नाकारले गेले, तर मुलाला जिल्ह्याच्या शाळेत परतण्याचा हक्क कायम राहतो. तरीही मुदत कोणत्या वर्षी संपते हे प्रवेशापूर्वी विचारून घ्या, म्हणजे ऐन आठवीत शाळा शोधत फिरण्याची वेळ येणार नाही.