प्रॅक्टिकलमध्ये बीपी जास्त आलं? आधी नीट मोज

फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला पार्टनरने मोजलेलं १४६/९२ बघून घाबरू नकोस. तिथे सगळंच चुकतं: जिना चढून आलेला, चहा नुकताच झालेला, स्टुलाला पाठ नाही, वर गप्पा चालू. दंड जाड आणि कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) लहान असेल तर आकडा हमखास फुगतो.

खोलीवर दंडाचं डिजिटल मशीन वापर, मनगटाचं नको. अर्धा तास आधी चहा-सिगारेट बंद, लघवीला जाऊन ये, पाठ टेकून ५ मिनिटं गप्प बस. पाय जमिनीवर, कफ उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला. मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, ७ दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढ. ती १३५/८५ किंवा जास्त असेल तर मेडिसिन ओपीडी गाठ. इतक्या तरुण वयात बीपी जास्त असेल तर किडनी, थायरॉईडही बघावं लागतं. १८०/१२० च्या वर आणि छातीत दुखतंय किंवा अंधुक दिसतंय, तर थेट कॅज्युअल्टी.

व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या), नाइट ड्यूटीच्या दिवशीचे आकडे खोडू नकोस, शेजारी तसं लिही. एनर्जी ड्रिंक, नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, पाठदुखीसाठी रोज घेतलेली डायक्लोफिनॅक यांनीही बीपी चढतं, आणि हे डॉक्टरांना आपणहून सहसा कुणी सांगत नाही. रूममेटने सुचवलेली अ‍ॅम्लोडिपिन (बीपी उतरवायची गोळी) मात्र अजिबात नको.